संगणकाचं नाव बदललं, तरी जुनंच नाव परत येतं: कमांड लाइनवरच्या तपासणीचा क्रम

लाईन गेली की राउटर बंद पडतो, लाईन आली की तो नव्याने आयपी पत्ते वाटतो. प्रिंटर जोडलेला संगणक काल १९२.१६८.१.५ वर होता, आज १९२.१६८.१.८ वर सापडतो. खेड्यातली शाळा, सेवा सोसायटी, पतसंस्था, जिनिंगचं ऑफिस, कुठेही हे दिवसातून दोनदा होऊ शकतं. म्हणून आपल्याकडे संगणक नावानेच शोधावा लागतो, आणि ते नाव पक्कं असावं लागतं.

नाव बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. तरी "कमांड दिली, सक्सेसफुल आलं, पण नाव जुनंच दिसतं" ही तक्रार वारंवार येते. मग मशीन तालुक्याला नेऊन फॉरमॅट मारलं जातं आणि त्यात निकालपत्रकं, खतावण्या, फोटो जातात. नावासाठी फॉरमॅट लागत नाही. खालच्या तपासण्या फुकट आणि सोप्यापासून सुरू होतात, आणि बहुतेक वेळा चौथीच्या पुढे जावंच लागत नाही.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना की-बोर्ड इंग्रजीवर ठेवा आणि अंकही इंग्रजीच वापरा. स्पेलिंगचा घोळ होईल तिथे अक्षरं सुटी दिली आहेत.

लक्षणं

- कमांड यशस्वी झाल्याचं दाखवते, पण "होस्टनेम" टाकल्यावर जुनं नाव येतं.
- रीस्टार्टनंतर नवं नाव दिसतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जुनं.
- "अॅक्सेस इज डिनाइड" किंवा नुसता आकडा ५ येतो.
- "अ डुप्लिकेट नेम एक्झिस्ट्स ऑन द नेटवर्क" असा संदेश येतो आणि शेअर केलेलं फोल्डर कधी उघडतं, कधी नाही.
- एकच स्क्रिप्ट (ओळीने कमांड लिहिलेली फाइल) दहा मशीनवर चालवली आणि चार मशीनना एकच नाव मिळालं.
- नाव नीट बदललं, पण प्रिंटर, टॅली किंवा हिशोबाचं सॉफ्टवेअर बंद पडलं.

सगळ्यात आधी: नाव नेमकं कुठे अडलंय

विंडोज दोन नावं धरून ठेवतो. एक आत्ता चालू असलेलं, दुसरं पुढच्या रीस्टार्टनंतर लागू होणारं. दोन्ही एका कमांडने दिसतात आणि ती कुठलाही बदल करत नाही, त्यामुळे बिनधास्त चालवा:

रेग क्वेरी एचकेएलएम\सिस्टीम\करंटकंट्रोलसेट\कंट्रोल\कॉम्प्युटरनेम /एस

उत्तरात "अॅक्टिव्हकॉम्प्युटरनेम" आणि "कॉम्प्युटरनेम" असे दोन भाग येतात. अॅक्टिव्हमध्ये जुनं आणि दुसऱ्यात नवं असेल, तर कमांड बरोबर चालली आहे, फक्त रीस्टार्ट बाकी आहे. दोन्हीकडे जुनं असेल, तर कमांड चाललीच नाही, मग तिने पडद्यावर काहीही म्हटलेलं असो. आणि रीस्टार्टआधी दुसऱ्या भागात नवं नाव होतं पण रीस्टार्टनंतर दोन्हीकडे जुनं आलं, तर मशीनमधलं दुसरं काहीतरी नाव मागे फिरवतंय.

या तिन्हींपैकी आपली गत कोणती ते कागदावर लिहून ठेवा. पहिल्या गतीला तपासणी २ पुरे. दुसरीला ३ ते ६ बघा. तिसरीला थेट ७ आणि ८ कडे जा. हा फरक न पाहता तीच कमांड पाच वेळा चालवण्यात सकाळ जाते.

१. तुम्ही बघताय ते संगणकाचंच नाव आहे ना?

सी ड्राइव्हच्या युजर्समधलं फोल्डर हे वापरकर्त्याचं नाव असतं. संगणकाचं नाव बदललं तरी ते बदलत नाही आणि बदलूही नये. लॉगिनच्या पडद्यावरचं नावही वापरकर्त्याचंच. "वर्कग्रुप" ही तिसरीच गोष्ट, ते जाळ्यातल्या संगणकांच्या गटाचं नाव. राउटरच्या पानावर किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या यादीत जुनं नाव दिसत असेल, तर राउटरने आधीची नोंद धरून ठेवलेली असते. "आयपीकॉन्फिग /रिलीज" आणि मग "आयपीकॉन्फिग /रिन्यू" दिलं की बहुधा ती ताजी होते. खरं नाव फक्त "होस्टनेम" ही कमांड सांगते, बाकी कुणावर विसंबू नका. आणि "होस्टनेम" च्या पुढे नवं नाव लिहून विंडोजवर ते बदलत नाही. त्यातून चूक येते, मशीन बिघडलेलं नसतं.

२. शटडाउन केलं की रीस्टार्ट?

सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. विंडोज ८ पासून "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय आहे. शटडाउन करताना विंडोज आपला गाभा पूर्ण बंद करत नाही, त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलतो. चालू नाव त्याच गाभ्यात असतं. त्यामुळे संध्याकाळी नाव बदलून शटडाउन केलं आणि सकाळी बटण दाबलं, तर जुनंच नाव समोर येतं. लॅपटॉपचं झाकण मिटणं किंवा स्लीपवर टाकणं हे तर त्याहून कमी.

पूर्ण रीस्टार्टसाठी:

शटडाउन /आर /टी ०

हे लगेच रीस्टार्ट करतं, म्हणून आधी चालू काम सेव्ह करा. फास्ट स्टार्टअप कायमचा बंद करायची गरज नाही, रीस्टार्टमध्ये तो आड येतच नाही.

इथे लाईनचा एक धोका आहे. नावाचा बदल रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) लिहिला गेल्यावर तो प्रत्यक्ष डिस्कवर उतरायला थोडा वेळ लागू शकतो. कमांड दिली आणि त्याच क्षणी लाईन गेली, यूपीएसची बॅटरीही संपलेली असली, तर तो बदल हरवू शकतो. लाईन आल्यावर वरची रेग क्वेरी पुन्हा चालवा. दोन्हीकडे जुनं असेल तर नुसती कमांड पुन्हा द्या, घाबरण्यासारखं काही नाही. दहा मशीनचं काम असेल तर भारनियमनाची वेळ टाळून घ्या.

३. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं होतं का?

काळी खिडकी साध्या डबल क्लिकने उघडली की तिला नाव बदलायचा अधिकार नसतो, मग तुमचं खातं अॅडमिनचं असो. स्टार्टमध्ये "सी-एम-डी" किंवा "पॉवरशेल" शोधा, उजवं क्लिक करा, "रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर" घ्या. खात्री करायला "नेट सेशन" टाका. "सिस्टीम एरर ५" आला तर अधिकार नाही. यादी आली किंवा यादी रिकामी असल्याचं सांगितलं तर अधिकार आहे.

आता "सक्सेसफुल" चा भ्रम. जुन्या "डब्ल्यू-एम-आय-सी" कमांडने नाव बदलताना ती "मेथड एक्झिक्यूशन सक्सेसफुल" असं लिहिते. त्याचा अर्थ एवढाच की विनंती पोहोचली. खरं उत्तर त्याच्या खाली "रिटर्नव्हॅल्यू" च्या ओळीत असतं. ० असेल तरच नाव बदललं. ५ म्हणजे अधिकार नाही, ८७ म्हणजे दिलेली माहिती चुकीच्या रूपात आहे, २२२४ म्हणजे त्या नावाचं खातं डोमेनमध्ये (संस्थेच्या मुख्य सर्व्हरशी बांधलेल्या जाळ्यात) आधीच आहे. वरची ओळ वाचून मशीन बंद करणारे फार, खालचा आकडा वाचणारे थोडे.

४. नाव स्वतःच चुकीचं आहे का?

विंडोजचं नेटबायॉस नाव, म्हणजे जाळ्यात संगणक ओळखायचं छोटं नाव, १५ अक्षरांत बसावं लागतं. चालतात फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी अंक आणि मधली आडवी रेघ. जागा, टिंब, देवनागरी अक्षर नको. अंडरस्कोरही टाळा, लिनक्स मशीनला आणि काही प्रिंटरना तो पचत नाही. नुसत्या अंकांचं नावही चालत नाही.

हा शेवटचा नियम शाळांना नेमका नडतो. यू-डायस कोड ११ अंकी असतो, तोच नाव म्हणून टाकला की विंडोज नाकारतो. पुढे एक अक्षर लावा, मागे आडवी रेघ आणि दोन अंकी क्रमांक लावा. १ अधिक ११ अधिक ३, बरोबर १५ अक्षरं होतात.

लांब नावाची गंमत वाटते, पण नुकसान तिथेच होतं. समजा "झेडपीस्कूल-आरमोरी-०१" असं नाव इंग्रजीत लिहिलं. स्कूलपर्यंत ८ अक्षरं, रेघ धरून ९, आरमोरीची ६ धरून १५. म्हणजे मशीनचा क्रमांक येण्याआधीच मर्यादा संपली. ०१ पासून १० पर्यंत सगळ्या मशीनचं नेटबायॉस नाव एकच झालं. पॉवरशेल अशा वेळी विचारतो की नाव कापून छोटं होईल, पुढे जाऊ का. स्क्रिप्टमध्ये "-फोर्स" लिहिलेलं असलं की तो विचारतच नाही, गुपचूप कापतो. म्हणून नव्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या मशीनवर "-फोर्स" काढून चालवून बघा.

नाव छोटं ठेवा. तालुक्याची तीन अक्षरं, खोलीची तीन, क्रमांक दोन: "एआरएम-एलएबी-०१" इंग्रजीत १० अक्षरांत बसतं. नाव ठरलं की कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला कागदी पट्टी चिकटवून तेच लिहा. पुढे कुणी दुरुस्तीला आलं तर त्याला पडदा चालू करावा लागत नाही.

५. कमांड तुमच्या विंडोजला ओळखीची आहे का?

आज वापरायची कमांड ही:

रीनेम-कॉम्प्युटर -न्यूनेम "एआरएम-एलएबी-०१" -रीस्टार्ट

ती पॉवरशेलमध्ये चालते, साध्या सी-एम-डीमध्ये नाही. पॉवरशेल ३ पासून ती आहे. विंडोज ७ सोबत पॉवरशेल २ येतं, म्हणून तिथे "ओळखीची नाही" असं लाल अक्षरांत येतं. तिथे डब्ल्यू-एम-आय-सी वापरा:

डब्ल्यूएमआयसी कॉम्प्युटरसिस्टीम व्हेअर नेम="%कॉम्प्युटरनेम%" कॉल रीनेम नेम="एआरएम-एलएबी-०१"

उलट गोष्ट विंडोज ११ वर. २४एच२ आवृत्तीपासून डब्ल्यू-एम-आय-सी आपोआप बसवलेलं येत नाही, त्यामुळे जुनी चालती बॅच फाइल नव्या मशीनवर एकदम "नॉट रेकग्नाइज्ड" म्हणते. ते परत बसवण्याच्या भानगडीत पडू नका, फाइल पॉवरशेलवर आणा.

कमांड व्हॉट्सअॅपवरून आलेली असेल तर ती आधी नोटपॅडमध्ये चिकटवून नीट बघा. व्हॉट्सअॅप, वर्ड यांत साधी अवतरणं वाकडी होतात आणि छोटी रेघ लांब होते. पॉवरशेल पर्यायांच्या पुढच्या लांब रेघा चालवून घेतो, सी-एम-डी घेत नाही. आणि नावाच्या आत लांब रेघ शिरली तर पॉवरशेलही ते नाव मानत नाही. सरळ हाताने पुन्हा टंकलेलं बरं.

६. ते नाव जाळ्यात दुसऱ्या कुणाचं आहे का?

नवं नाव देण्याआधी शेजारच्या मशीनवरून त्या नावाला पिंग करा: "पिंग एआरएम-एलएबी-०१". उत्तर आलं की नाही याला इथे महत्त्व नाही, कारण विंडोजची फायरवॉल पिंग अडवते. नावासमोर आयपी पत्ता दिसला, एवढंच पुरे. पत्ता दिसला म्हणजे ते नाव कुणीतरी घेतलेलं आहे.

नाव देऊन झाल्यावर शंका आली तर त्याच मशीनवर "एनबीटीस्टॅट -एन" टाका. नावासमोर "रजिस्टर्ड" हवं. "कॉन्फ्लिक्ट" दिसलं तर दुसरं मशीन त्याच नावाने चालू आहे. कुठलं ते शोधायला दुसऱ्या मशीनवरून "एनबीटीस्टॅट -ए" पुढे ते नाव द्या, उत्तरात त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) येतो. एकेक मशीन बंद करत हिंडण्यापेक्षा हे लवकर होतं.

अशी दुहेरी नावं बहुधा क्लोनिंगमधून येतात. जुन्या संगणकांत एसएसडी टाकताना एका मशीनची डिस्क तयार करून तीच नऊ मशीनवर उतरवली जाते. काम झटपट होतं, पण दहाही मशीन एकाच नावाने जागी होतात. त्यातली नऊ बंद ठेवून एकेक चालू करा, नाव बदला, रीस्टार्ट करा, मग पुढचं.

क्लोनिंगची एक खोल गाठ नाव बदलून सुटत नाही. प्रत्येक विंडोजची स्वतःची सुरक्षा ओळख असते, तिला एसआयडी म्हणतात, आणि क्लोन केलेल्या सगळ्या मशीनची ती एकच असते. पूर्वी घरच्या जाळ्यात त्याने फारसं अडत नसे. ऑगस्ट २०२५ अखेरपासून आलेल्या अपडेटांनी विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ मध्ये ही तपासणी कडक झाली. त्यामुळे एकाच ओळखीची दोन मशीन एकमेकांचं शेअर उघडताना बरोबर पासवर्डही नाकारतात. नावं वेगळी, पासवर्ड बरोबर, तरी दार बंद, असं दिसलं तर इथे थांबा. त्यावर "सिस्प्रेप" हे विंडोजचं ओळख नव्याने बनवणारं साधन चालवावं लागतं. ते चुकलं तर बसवलेली सॉफ्टवेअरं आणि खाती बिघडतात. हे जाणत्या माणसाचं काम आहे, आणि ते मशीनचा पूर्ण बॅकअप घेऊनच.

७. स्क्रिप्ट काय करतेय ते वाचा

बरीच मशीन असली की लोक एक यादी बनवतात: मशीनची ओळख आणि नवं नाव. पेनड्राइव्हवरून स्क्रिप्ट चालते, ओळख वाचते, यादीत शोधते, नाव देते. पद्धत उत्तम आहे. ती तीन जागी फसते.

पहिली जागा, ओळख म्हणून घेतलेला सिरियल नंबर. कंपनीच्या मशीनला तो वेगळा असतो. पण आपल्याकडे निम्मी मशीन असेंबल केलेली, आणि त्यांच्या बायॉसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये) सिरियल नंबरच्या जागी "टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम." किंवा "डिफॉल्ट स्ट्रिंग" असा भराव असतो. पाच मशीनचा भराव एकच, म्हणून पाचांना एकच नाव. आधी प्रत्येक मशीनवर "गेट-सीआयएमइन्स्टन्स विन३२_बायॉस" चालवून सिरियल नंबरची ओळ बघा. ती भरावाची असेल तर मदरबोर्डवरच्या केबलच्या जॅकचा मॅक पत्ता वापरा, "गेटमॅक /व्ही" ने तो दिसतो. यूएसबीचा वायफाय डोंगल एका मशीनचा दुसऱ्याला लावला जातो आणि मोबाइलने यूएसबी टेदरिंग केलं की त्याचा वेगळाच मॅक दिसतो. या दोन्हींचा मॅक घेऊ नका.

दुसरी जागा, यादीची फाइल. एक्सेलमधून उतरवलेल्या यादीत नावापुढे किंवा मागे रिकामी जागा राहते, डोळ्याला दिसत नाही. स्क्रिप्टमध्ये नावाला "ट्रिम" लावा. बॅच फाइल नोटपॅडमधून "यूटीएफ-८ विथ बॉम" म्हणून सेव्ह झाली असेल तर पहिल्याच ओळीला विचित्र चिन्हं आणि चूक येते. ती "एएनएसआय" म्हणून सेव्ह करा. मराठी टिपणी लिहायची असेल तर ती वेगळ्या कागदावर.

तिसरी जागा, परवानगी. विंडोजवर पॉवरशेल स्क्रिप्ट मुळातच बंद असतात, "रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड" येतं. कायमची मोकळीक देऊ नका. तेवढ्या वेळेपुरतं असं चालवा:

पॉवरशेल -एक्झिक्यूशनपॉलिसी बायपास -फाइल ई:\नाव.पीएस१

चांगली स्क्रिप्ट यादीत मशीन सापडलं नाही तर काहीच करत नाही, स्वतःच्या मनाने नाव देत नाही. नाव १५ पेक्षा लांब असेल तर थांबते. आधीच तेच नाव असेल तर पुढे जाते. आणि जुनं नाव, नवं नाव, मॅक, वेळ अशी एक ओळ पेनड्राइव्हवरच्या फाइलमध्ये लिहिते. ही ओळ सगळ्यात मोलाची. महिन्याने प्रिंटर अडला की जुनं नाव त्याच ओळीत सापडतं.

नाव रीस्टार्टनंतर मागे फिरत असेल तर जुन्या स्क्रिप्टवर आधी संशय घ्या. कुणीतरी ती दर वेळी मशीन सुरू होताना चालेल अशी लावून ठेवलेली असते. विंडोज आणि आर दाबून "शेल:स्टार्टअप" टाका आणि उघडलेलं फोल्डर बघा. मग टास्क शेड्युलर उघडून "अॅट स्टार्टअप" आणि "अॅट लॉग ऑन" अशी कामं वाचा. नाव बदलणारं काम सापडलं तर ते डिसेबल करा, लगेच डिलीट करू नका.

दूरवरून, एका मशीनवरून बाकीच्यांची नावं बदलायची सोय पॉवरशेलमध्ये आहे. डोमेन नसलेल्या छोट्या जाळ्यात तिच्यासाठी प्रत्येक मशीनची फायरवॉल आणि अधिकार आधी ढिले करावे लागतात. दहा-पंधरा मशीनसाठी पेनड्राइव्ह घेऊन एकेका खुर्चीवर बसणं हेच लवकर होतं आणि सुरक्षितही.

८. मशीन गोठवलेलं तर नाही?

संगणक प्रशिक्षण केंद्रं आणि शाळेच्या लॅबमध्ये "डीप फ्रीझ" सारखं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. मुलांनी काहीही बदललं तरी रीस्टार्टला सगळं जसंच्या तसं. नावही त्यात येतं, आणि नाव लागू व्हायला रीस्टार्ट तर लागतोच. घड्याळाशेजारी पांढऱ्या अस्वलाचं चिन्ह आहे का बघा. ते लपवलेलंही असू शकतं. कंट्रोल, अल्ट, शिफ्ट आणि एफ६ एकदम दाबल्यावर पासवर्ड मागितला तर मशीन गोठवलेलं आहे. सोपी परीक्षाही आहे: डेस्कटॉपवर एक रिकामं फोल्डर करा, रीस्टार्ट करा, फोल्डर गायब झालं तर शंका नको.

पासवर्ड असेल तर "थॉड" (न गोठवलेल्या) अवस्थेत सुरू करा, नाव बदला, रीस्टार्ट करून तपासा, मगच पुन्हा गोठवा. पासवर्ड नसेल तर लॅब बसवणाऱ्याला फोन करा. ते सॉफ्टवेअर जबरदस्तीने उपटू नका, विंडोज सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते.

९. नाव बदललं, आता बाकीच्या गोष्टी अडल्या

जिथे जिथे जुनं नाव लिहून ठेवलंय, तिथे ते हाताने बदलावं लागतं. दुसऱ्या मशीनवर "नेट यूज" टाकलं की जोडलेल्या ड्राइव्हची यादी येते. जुन्या नावाचा ड्राइव्ह "नेट यूज झेड: /डिलीट" ने काढा आणि नव्या नावाने जोडा. पासवर्ड साठवलेला असेल तर "सीएमडीकी /लिस्ट" मध्ये जुनं नाव दिसेल, तेही काढा. शेअर केलेला प्रिंटर प्रत्येक मशीनवरून काढून नव्या नावाने पुन्हा जोडणं हाच खरा उपाय. पोर्टची नावं खरडत बसू नका.

टॅलीत एकापेक्षा जास्त जागी काम चालत असेल, तर बाकीच्या मशीनवर लायसन्स सर्व्हर म्हणून त्या संगणकाचं नाव आणि पोर्ट लिहिलेला असतो, साधारणपणे ९९९९. नाव बदलल्यावर तिथेही नवं टाका.

हिशोबाचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर (माहिती साठवणाऱ्या डेटाबेसवर) चालत असेल तर जास्त जपा. विंडोजचं नाव बदललं तरी एसक्यूएल सर्व्हर आपल्या आतल्या नोंदीत जुनंच नाव धरून बसतो. "सिलेक्ट @@सर्व्हरनेम" ला जुनं नाव आलं तर ती नोंद "एसपी_ड्रॉपसर्व्हर" ने काढून "एसपी_अॅडसर्व्हर" ने नवी घालावी लागते, पुढे "लोकल" लिहून, आणि मग सेवा रीस्टार्ट करावी लागते. शिवाय प्रत्येक काउंटरच्या मशीनवरचं जोडणीचं नाव वेगळं बदलायचं असतं. पतसंस्थेचा किंवा सोसायटीचा सर्व्हर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: त्याचं नाव बदलूच नका. काउंटरच्या मशीनची नावं हवी तशी बदला, सर्व्हरला हात लावायचा असेल तर सॉफ्टवेअर देणाऱ्याला समोर बसवा, आणि तेही दिवसाचा हिशोब मिळवून बॅकअप घेतल्यावर.

लिनक्स असेल तर

उबुंटू आणि डेबियनच्या घराण्यातल्या मशीनवर "सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम" पुढे नवं नाव. नुसतं "सुडो होस्टनेम" पुढे नाव दिलं तर ते फक्त पुढच्या रीस्टार्टपर्यंत टिकतं, "सकाळी जुनं नाव आलं" ची अर्धी प्रकरणं इथेच संपतात. त्यानंतर "/ईटीसी/होस्ट्स" फाइलमधली १२७.०.१.१ ची ओळही बदला. ती राहिली की प्रत्येक सुडोला "अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट" येतं.

तरीही नाव परत फिरत असेल तर "क्लाउड-इनिट" बघा, मशीन सुरू होताना नाव आणि सेटिंग लावणारा तो प्रोग्राम. "/ईटीसी/क्लाउड/क्लाउड.सीएफजी" मध्ये "प्रिझर्व्ह_होस्टनेम" समोर फॉल्स असेल तर ट्रू करा.

नाव बदलल्यावर क्रोम उघडेना आणि "प्रोफाइल दुसऱ्या संगणकावर वापरात आहे" म्हणत असेल, तर त्याने जुन्या नावाचं कुलूप ठेवलंय. क्रोम पूर्ण बंद करून घरच्या फोल्डरातल्या ".कॉन्फिग/गूगल-क्रोम" मधली "सिंगलटनलॉक" नावाची फाइल काढा. बुकमार्क, पासवर्ड जागेवर राहतात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

"सिस्टीमइन्फो" च्या उत्तरात "डोमेन" समोर "वर्कग्रुप" सोडून दुसरं काही आलं, तर ते मशीन बँकेच्या, विभागाच्या किंवा संस्थेच्या मुख्य सर्व्हरशी बांधलेलं असू शकतं. तिथे नाव बदलणं डोमेनच्या अॅडमिनचं काम. आपण बदललं तर मशीन डोमेनशी तुटू शकतं आणि मग कुणालाच लॉगिन होत नाही. "डीएसआरईजीसीएमडी /स्टेटस" मध्ये "अझुरएडीजॉइन्ड" समोर यस आलं तरी तेच.

सरकारी योजनेतून मिळालेलं आणि वरून देखभाल होणारं मशीन असेल, तर नाव त्यांच्या यादीत नोंदलेलं असतं. आधी लेखी विचारा.

रजिस्ट्रीत हाताने नाव लिहिण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. नाव रजिस्ट्रीत दोनापेक्षा जास्त ठिकाणी असतं, त्यातलं एक बदललं की मशीन अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या नावाने चालतं आणि पुढची प्रत्येक तपासणी खोटं उत्तर देते. असं आधीच झालेलं असेल तर पॉवरशेलच्या कमांडने एक तिसरंच नाव द्या, पूर्ण रीस्टार्ट करा, मग हवं ते नाव देऊन पुन्हा रीस्टार्ट करा. त्यानेही रेग क्वेरीतली दोन नावं जुळली नाहीत, तर माहितगाराला बोलवा. त्याला देण्यासाठी चार गोष्टी तयार ठेवा: रेग क्वेरीचा फोटो, विंडोजची आवृत्ती, आलेला संदेश किंवा आकडा, आणि मशीन क्लोन केलेलं आहे की नाही.